राखलेले रान आणि पाहणारा

‘राखणे’ हे मराठीतील एक साधे, घरगुती क्रियापद आहे. आपण शेत राखतो, गुरे राखतो, मान राखतो, मर्जी राखतो, अंतर राखतो; सुगी झाली की पुढच्या पेरणीसाठी बियाणे राखून ठेवतो. या सर्व प्रयोगांत एक गोष्ट समान आहे. जे हाताशी आहे त्याचा तत्काळ उपभोग घ्यायचा नाही, असा एक निश्चय त्यांच्या मुळाशी असतो. राखणाऱ्याच्या अंगी थोडाफार संयम असल्याशिवाय राखण होत नाही. परंतु याच क्रियापदाच्या पोटात एक अडचणीचा प्रश्नही दडलेला आहे. राखायचे ते कोणासाठी, आणि त्याची झळ कोणी सोसायची? बियाण्याच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर सोपे असते. चैत्र-वैशाखात पोटाला चिमटा घेणारा आणि मृगात पेरणारा माणूस एकच असतो. शेत राखण्याच्या बाबतीत ते तितकेसे सोपे राहत नाही. मचाणावर रात्र काढणारा एक आणि धान्य घरी नेणारा दुसरा, असे होऊ शकते. रान राखण्याच्या बाबतीत तर या प्रश्नाचे उत्तर देणे इतके अवघड होऊन बसते की पुष्कळदा तो विचारलाच जात नाही.

आधुनिक काळात रान राखण्याला जे संस्थात्मक रूप मिळाले त्याचे नाव राष्ट्रीय उद्यान. १ मार्च १८७२ रोजी अध्यक्ष ग्रँट यांच्या सहीने अमेरिकेत जो कायदा झाला, त्याने यलोस्टोन हा विस्तीर्ण डोंगराळ प्रदेश वसाहतीपासून व विक्रीपासून कायमचा बाजूला काढला. जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून त्याची गणना होते. हा प्रदेश राखला गेला तो प्रथमतः तेथील प्राण्यांसाठी नव्हे, तर तेथील आश्चर्यांसाठी. जमिनीच्या पोटातील उष्णतेने तापलेले पाणी वाफेसह आकाशात उसळावे, असे झरे जगात जेवढे आहेत त्यांतील निम्म्याहून अधिक एकट्या यलोस्टोनमध्ये आहेत. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध झरा ‘ओल्ड फेथफुल’, म्हणजे जुना इमानी. साधारण दीड तासाच्या अंतराने तो उसळतो. पुढची वेळ अंदाजाने फलकावर लिहिलेली असते आणि प्रेक्षक त्या वेळेपूर्वी बाकांवर येऊन बसतात. अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही शरदात, पानगळीचे रंग चढू लागले की, तेथे जातात. बायसनचे कळप, हरणांची हाळी, दूर कोठे लांडगे आणि ठरल्या वेळी उसळणारे पाणी. निसर्ग आपला शब्द पाळतो, असे समाधान त्या दृश्यात आहे.

आपल्याकडे याच्याशी तुलना करता येईल अशी गोष्ट कोकणात आहे. राजापूरजवळ उन्हाळे येथे गरम पाण्याचा झरा आहे आणि त्याच परिसरात चौदा कुंडांतून प्रकटणारी राजापूरची गंगा आहे. ती केव्हा येईल आणि किती दिवस राहील, हे ठाम सांगता येत नाही. ‘गंगा आली’ एवढी वार्ता गावोगाव पसरते आणि लोक निघतात. भूगर्भातील पाण्याच्या हालचालींनी या येण्याजाण्याचे स्पष्टीकरण देण्याचे प्रयत्न झाले आहेत. परंतु भाविकाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते गंगेच्या मर्जीला. ओल्ड फेथफुलसमोर बसलेला प्रेक्षक वेळापत्रक पाहून येतो. राजापूरचा यात्रेकरू बोलावणे आल्यासारखा येतो. दोघेही आश्चर्यच पाहतात, पण पाहणाऱ्याचे स्थान दोन्हीकडे सारखे नाही. पहिल्या ठिकाणी निसर्ग प्रेक्षकाला सामोरा येतो. दुसऱ्या ठिकाणी माणसाला निसर्गाच्या सवडीने वागावे लागते. हा भेद पुढे उपयोगी पडणार आहे.

यलोस्टोनच्या त्या कायद्यात हा प्रदेश लोकांच्या हितासाठी आणि आनंदासाठी राखला जात असल्याचे म्हटले होते. हे ‘लोक’ कोण? त्या प्रदेशात शोशोनी, बॅनक, क्रो आदी जमातींचा हजारो वर्षांचा वावर होता. ‘मेंढीखाऊ’ या नावाने ओळखली जाणारी शोशोनींची एक शाखा तर तेथील उंच डोंगरांत राहतच होती. उद्यान झाल्यानंतर काही वर्षांतच ही माणसे तेथून हलवली गेली. आदिवासी त्या उसळत्या झऱ्यांना भितात, म्हणून ते इकडे फिरकतच नव्हते, अशी कथाही पसरवण्यात आली. वास्तविक तेथील काळा काचदगड, ज्याची हत्यारे होत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ओहायोच्या खोऱ्यापर्यंत पोहोचला होता, आणि तो माणसांच्या हातांतूनच गेला होता. ज्यांना बाहेर काढायचे त्यांचे तेथे काही नव्हतेच असे आधी सांगावे लागते. माणूस नसलेले, अस्पर्श अरण्य ही कल्पना कित्येकदा वस्तुस्थितीचे वर्णन नसते. ती एका विस्थापनावर नंतर घातलेले पांघरूण असते.

तथापि त्याच उद्यानाने एक काम असे केले की जे त्याच्यावाचून झाले नसते. १९०२ साली तेथे जेमतेम दोन डझन रानटी बायसन उरले होते. आज त्यांची संख्या हजारांत आहे. १९२० नंतरच्या दशकात तेथील लांडगे मारून संपवण्यात आले होते. १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून एकतीस लांडगे आणून सोडले गेले आणि त्यांचा वंश पुन्हा रुजला. तेव्हा राष्ट्रीय उद्यान ही केवळ एक फसवणूक आहे असे म्हणून मोकळे होता येत नाही. एकाच कायद्यातून एक अन्याय आणि एक जीवदान अशा दोन्ही गोष्टी घडल्या. नैतिक विचाराला काही करण्यासारखे उरते ते अशाच ठिकाणी.

हाच प्रश्न आपल्याजवळच्या एका रानात अधिक स्पष्ट दिसतो. म्हैसूरला मराठी अभ्यासकांची ये-जा नवी नाही. १९६९ साली तेथे भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले, तेव्हापासून व्याकरण, कोश, अनुवाद यांच्या निमित्ताने आपली माणसे त्या शहरी जात आली आहेत. काम आटोपले की चामुंडीचा डोंगर, राजवाडा, आणि वेळ असल्यास नागरहोळे किंवा बंडीपूरचे रान, असा क्रम ठरलेला असतो. आश्विनात गेलेल्याला दसऱ्याची मिरवणूकही पाहायला मिळते. वरवर पाहता राजवाडा आणि रान ही दोन वेगळी स्थळे वाटतात. त्यांचा इतिहास मात्र एकमेकांत गुंतलेला आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दोन प्रकारच्या राखीव रानांचा निर्देश सापडतो. एक हत्तींचे वन, ज्यावर राजाचा अधिकारी असे आणि जेथे हत्ती मारणाऱ्याला देहदंड सांगितला आहे; दुसरे अभयवन, जेथील प्राण्यांना मारणे दंडनीय होते. आपला ‘अभयारण्य’ हा शब्द या परंपरेतलाच आहे. म्हैसूरच्या राजांनीही हत्तींचे रान राखले आणि शिकारीचे रान राखले. १८७३-७४च्या सुमारास सँडरसन या इंग्रज अधिकाऱ्याने म्हैसूर प्रांतात रानहत्तींचा संपूर्ण कळप खंदक व कुंपणाच्या आत कोंडून धरण्याची ‘खेड्डा’ पद्धत सुरू केली. पुढे काबिनी नदीच्या काठचे काकनकोटे हे तिचे प्रसिद्ध ठिकाण झाले. राजेरजवाडे आणि बडे पाहुणे तो सोहळा पाहण्यास येत. अखेरचा खेड्डा १९७१ साली झाला. बंडीपूर येथे महाराजांनी १९३१ साली एक लहानसे वन्यप्राणी उद्यान राखले. १९७३ साली व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत बंडीपूरचा समावेश झाला. नागरहोळे १९५५ साली अभयारण्य आणि १९८८ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. मधे १९७२ साली, म्हणजे यलोस्टोनच्या कायद्याला बरोबर शंभर वर्षे झाली असता, वन्यजीव संरक्षणाचा भारतीय कायदा आला.

या तारखा ओळीने वाचल्या की एक गोष्ट ध्यानात येते. शिकारीची बंदूक गेली आणि कॅमेरा आला; राजाच्या पाहुण्यांची जागा तिकीट काढणाऱ्या नागरिकाने घेतली. हा बदल लहान नाही. मारणे थांबले ही तर मोठीच गोष्ट झाली. परंतु रानाची मांडणी बदलली नाही. रान कोणाच्या तरी नजरेसाठी राखायचे, आणि जे त्या नजरेच्या आड येतात त्यांनी दूर व्हायचे, ही जुनी रचना तशीच राहिली. लोकशाहीने राजाचे आसन मोडले नाही; तिने त्यावर आपल्याला बसवले. सफारीच्या गाडीत बसलेला प्राध्यापक, कारकून किंवा व्यापारी स्वतःला राजा समजत नसेल. पण सकाळी साडेसहाला निघालेल्या गाडीत साडेआठपर्यंत वाघ दिसला नाही म्हणून तो जेव्हा चिडतो, तेव्हा त्या चिडण्यात जुन्या मृगयेचा स्वर ऐकू येतो.

शरदातली भेट या दृष्टीने फार बोधप्रद ठरते, कारण हा ऋतू पाहणाऱ्याच्या सोयीचा नाही. काबिनीच्या जलाशयाकाठी हत्तींचे मोठाले कळप एकत्र दिसतात ते उन्हाळ्यात, पाणी आटून काठावर कोवळे गवत उगवते तेव्हा. आश्विन-कार्तिकात जलाशय तुडुंब असतो. रानातले प्रत्येक डबके भरलेले, प्रत्येक ओढा वाहता. पाण्यासाठी कोणत्याही जनावराला ठराविक जागी यावे लागत नाही, त्यामुळे हत्ती आणि गवे रानभर पांगतात. ऐन, साग, शिसव यांच्याखाली गवत माणसाच्या उंचीचे होते, बांबूची बेटे दाट होतात, आणि वाटेच्या कडेला टणटणीची जाळी अशी माजते की दहा हातांवरचे चितळ दिसू नये. सकाळी धुके असते. दुपारी एखादी सर येऊन जाते. गाडी थांबते, वाहक कान देतो, वानराचा इशारा ऐकू येतो; आत काही तरी हललेले असते; पण दिसत काही नाही. ओल्या मातीत पंजाचा ठसा असतो. वाटेवर हत्तीच्या ताज्या लिदीतून वाफ येत असते. रान आहे, भरलेले आहे, आणि आपल्याला ते काही दाखवायला तयार नाही.

अशा वेळी पाहणाऱ्यापुढे दोन मार्ग असतात. वेळ आणि पैसा फुकट गेला असे समजावे, किंवा न दिसण्याचाही काही अर्थ असेल का याचा विचार करावा. मराठी मनाला हा दुसरा मार्ग अपरिचित नाही. आषाढीला पंढरपुरात गेलेल्या लाखो वारकऱ्यांपैकी कित्येकांना विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवता येत नाही. ते कळसाचे दर्शन घेतात आणि समाधानाने परततात. देव आत आहे याची खूण मिळाली, एवढे त्यांना पुरते. येथे देव भक्ताला सामोरा यायला बांधलेला नाही. तो दिसला नाही म्हणून वारी व्यर्थ गेली असे वारकरी म्हणत नाही. कारण वारी हा देवाशी केलेला सौदा नव्हता. शरदातल्या रानात पंजाचा ठसा पाहून परतणे हे एक कळसदर्शनच आहे. वाघ आत आहे. तो आपल्यासाठी नाही. आणि तो आपल्यासाठी नाही हेच त्याचे वाघपण आहे. राजापूरच्या गंगेचा यात्रेकरू आणि ओल्ड फेथफुलचा प्रेक्षक यांतला भेद वर सांगितला, तो हाच.

हा विचार सुंदर आहे, आणि म्हणूनच त्याच्यापाशी थांबण्यात धोका आहे. कळसदर्शनाने तृप्त झालेल्या माणसाला पंढरपूरचाच दुसरा एक प्रसंग आठवला पाहिजे. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी त्याच विठ्ठलाच्या मंदिराचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी उघडावे म्हणून प्राणांतिक उपोषण आरंभिले. पिढ्यान्‌पिढ्या काहींना कळसावर समाधान मानावे लागत होते ते गर्दीमुळे नव्हे, तर दाराशी असलेल्या माणसांमुळे. आपण होऊन दुरून दर्शन घेणे ही भक्ती. दुसऱ्याला दुरूनच दर्शन घ्यायला लावणे हा अन्याय. बाहेरून दोन्ही कृती सारख्याच दिसतात. त्यांच्यातला फरक कळण्यासाठी ती मर्यादा कोणी घातली आणि कोणी सोसली, हे विचारावे लागते.

नागरहोळेच्या दाराशी हा प्रश्न विचारला तर काय दिसते? त्या रानात जेनु कुरुब, बेट्ट कुरुब, येरव या आदिवासींच्या वस्त्या होत्या. कन्नडमध्ये अशा वस्तीला हाडी म्हणतात. ‘जेनु’ म्हणजे मध. मध गोळा करणारे ते जेनु कुरुब. विशिष्ट झाडे, ओढे, दगड ही त्यांची देवस्थाने व पितरांच्या जागा. १९७०च्या दशकापासून या हाड्या रानाबाहेर निघाल्या. अनेक कुटुंबे आजूबाजूच्या कॉफीच्या मळ्यांत मजुरीला लागली. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या, प्रा. मुझफ्फर असादी यांच्या समितीने २०१४ साली दिलेल्या अहवालात नागरहोळेतून विस्थापित झालेल्या आदिवासी कुटुंबांची संख्या ३,४१८ नोंदली आहे. १९९०च्या दशकात याच उद्यानात एका हॉटेल-समूहाला पर्यटकनिवास चालवण्यास जागा देण्यात आली होती. स्थानिक आदिवासी व कार्यकर्त्यांच्या लढ्यानंतर १९९७ साली न्यायालयाने त्यास मनाई केली. म्हणजे एके काळी अशी स्थिती होती की मध काढणाऱ्याचे रानात राहणे हे अतिक्रमण आणि पाहुण्याचे राहणे हे पर्यटन. २००६ साली वनहक्कांचा कायदा झाला. त्याच्या आधारे हक्क सांगत मे २०२५ मध्ये जेनु कुरुबांची सुमारे पन्नास कुटुंबे उद्यानाच्या हद्दीतील आपल्या जुन्या हाडीच्या जागी परत आली. ‘अभयारण्य’ या शब्दातले अभय कोणाला, हा प्रश्न त्या परतण्यात अनुच्चारित होता.

महाराष्ट्रातील वाचकाला हे परके वाटू नये. नागरहोळे अभयारण्य झाले त्याच १९५५ साली ताडोबा हे आपले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. ताडोबा हे नाव तेथील गोंडांच्या देवाचे. देवाचे ठाणे तळ्याच्या काठी राहिले, भक्तांची गावे हळूहळू बाहेर गेली, आणि वर्षातून एकदा जत्रेपुरते त्यांना आत येता येते.

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. वाघाला मोठे, सलग आणि निर्वेध रान लागते, भक्ष्य मुबलक लागते. माणसांची वस्ती वाढली, गुरे वाढली, फासे लागले, की आधी हरणे जातात आणि मग वाघ जातो. नागरहोळे येथे १९८०च्या दशकापासून डॉ. उल्हास कारंथ यांनी वाघ आणि त्याचे भक्ष्य यांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यातून ही गोष्ट शास्त्रीय पुराव्यानिशी पुढे आली. २०२२च्या गणनेच्या अंदाजानुसार नागरहोळे व्याघ्रक्षेत्रात १४१ आणि बंडीपुरात १५० वाघ होते. एवढे वाघ आपोआप टिकलेले नाहीत. शिकारबंदी, गस्त आणि काही प्रमाणात वस्त्यांचे स्थलांतर यांचे ते फळ आहे. शिवाय वाघाला मत नसते, मोर्चा काढता येत नाही; त्याच्या वतीने कोणी तरी बोललेच पाहिजे. शाळा, दवाखाना, रस्ता यांसाठी स्वखुशीने रानाबाहेर येऊ इच्छिणारी कुटुंबेही असतात. त्यांना रानातच कोंडून ठेवणे हाही एक अन्यायच.

हे सर्व मान्य करूनही एक विसंगती उरते. १९७४ साली काबिनीवर धरण पूर्ण झाले. पाण्याखाली गावे गेली, रान गेले, काकनकोट्याचे खेड्ड्याचे मैदान गेले. नागरहोळे आणि बंडीपूर यांच्या मध्ये जलाशय आला. रानाच्या या नुकसानाला कोणी अतिक्रमण म्हटले नाही. तो विकास ठरला. आज त्याच जलाशयाचा काठ पर्यटकाच्या दृष्टीने या रानातील सर्वांत रमणीय जागा आहे. सागाच्या लागवडीसाठी जुने मिश्र रान तोडले गेले तेव्हाही ते शासकीय वनीकरण होते. रानाचे ज्यांनी सर्वांत जास्त घेतले त्यांना ते परत करायला कोणी सांगितले नाही. ज्यांनी सर्वांत कमी घेतले त्यांना सर्वस्व सोडायला सांगितले. त्याग आवश्यक होता हे खरे असू शकते. त्याची वाटणी न्याय्य होती असे मात्र म्हणता येणार नाही.

इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये खांडववनाच्या दहनाचा जो विचार केला, त्याने मराठी वाचकाला या प्रश्नाची एक बाजू फार पूर्वीच दाखवली आहे. नगर वसवण्यासाठी रान जाळले गेले. पळून जाणारे प्राणी आणि नाग मारले गेले. मोजके जीव वाचले, त्यांत मय होता, आणि त्याने विजेत्यांसाठी मयसभा उभारली. आज परिस्थिती उलटी दिसते. आता नगरातली माणसे रान वाचवू पाहतात. परंतु दोन्ही कथांत निर्णय नगराचा आहे आणि अग्नी असो वा कायदा, त्याची धग लागते ती रानातल्यांना. मयसभेत पाणी कोठे आणि जमीन कोठे हे कळेनासे झाले होते. आपल्या सुसज्ज उद्यानांतही नैसर्गिक काय आणि घडवलेले काय हे पाहणाऱ्याला सहजासहजी कळत नाही.

मग देवराईकडे परतावे काय? वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतील देवराया अभ्यासून त्यांचे मोल अर्धशतकापूर्वीच दाखवून दिले. परंतु देवराईचे गोडवे गाताना तिच्या मर्यादाही सांगाव्यात. ती आकाराने लहान असते, तिच्यात वाघ मावत नाही. तिची राखण पुष्कळदा भयाने होते, आणि तिच्याही दाराशी कोणी ना कोणी, विशेषतः स्त्रिया, अडवल्या गेल्या आहेत. तिच्यापासून घेण्यासारखी गोष्ट एकच आहे, पण ती मोलाची आहे. जो गाव ‘येथली काटकी उचलायची नाही’ असे ठरवत असे, तोच गाव त्या काटकीवाचून चूल पेटवत असे. नियम करणारा आणि नियम सोसणारा यांच्यात अंतर नव्हते. संयमाला नैतिक मोल येते ते या अंतराच्या अभावामुळे. आपण दुसऱ्याला पाळायला लावलेला संयम ही सक्ती असते. ती कधी गरजेचीही असेल, पण तिचे पुण्य आपल्या खाती जमा होत नाही.

या साऱ्या व्यवहारात माणसांइतकेच हत्तीही गुंतलेले आहेत. म्हैसूरच्या दसऱ्याला सुमारे ७५० किलो वजनाची सुवर्ण अंबारी एका हत्तीच्या पाठीवरून राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत जाते. पूर्वी तीत राजा बसे. आता चामुंडेश्वरीची मूर्ती असते. बन्नी म्हणजे शमी. हे म्हैसूरचे सीमोल्लंघन. त्यासाठी हत्ती येतात ते नागरहोळेच्या परिसरातील छावण्यांतून, आणि त्यांच्या माहुतांत बरेच जण जेनु कुरुब असतात. अर्जुन नावाचा हत्ती १९६८ साली काकनकोट्याच्या खेड्ड्यात पकडला गेला होता. २०१२ ते २०१९ अशी आठ वर्षे त्याने ती अंबारी वाहिली. ४ डिसेंबर २०२३ रोजी हासन जिल्ह्यात रानहत्ती पकडण्याच्या मोहिमेवर असताना एका रानटी नराशी झालेल्या झुंजीत तो मेला. रानातून धरलेला हत्ती, देवीचे वाहन झालेला हत्ती, आणि आपल्याच जातीच्या स्वतंत्र प्राण्याला पकडण्यासाठी पाठवलेला हत्ती. त्याच्यासाठी लोक रडले, आणि ते रडणे खोटे नव्हते. परंतु ज्या रस्त्यावर आपण त्याच्यावर फुले उधळली तो रस्ता खेड्ड्यापासून सुरू झाला होता, हे त्या दुःखातही ध्यानी असावे.

मग पाहणाऱ्याने काय करावे? रानात जाऊच नये, हे उत्तर सोपे आणि निरुपयोगी आहे. ज्याने रान पाहिले नाही तो त्याच्या बाजूने उभाही राहणार नाही. अपराधी भाव बाळगून जावे, हेही पुरेसे नाही. अपराधी भाव ही पुष्कळदा स्वतःकडेच पाहण्याची एक रीत असते. आपल्या परंपरेत ऋण ही कल्पना आहे. देव, ऋषी, पितर यांची ऋणे माणूस जन्मतःच घेऊन येतो. आपण काही मागितले नव्हते असे म्हणून त्यांतून सुटता येत नाही. ऋण म्हणजे अपराध नव्हे. ऋण म्हणजे आपल्याआधी कोणी तरी दिले आहे याची जाणीव. तिकीट काढले की हिशेब पुरा होतो असे बाजार सांगतो; ऋणाची कल्पना सांगते की तिकिटाने केवळ गाडीचे भाडे चुकते झाले.

ऋण मानले की हक्कांचा क्रम बदलतो, आणि या प्रश्नाची किल्ली त्या क्रमात आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये बंडीपूर व नागरहोळेच्या कडेच्या गावांत वाघांच्या हल्ल्यांत शेतकरी मृत्युमुखी पडले. तेव्हा राज्य शासनाने दोन्ही ठिकाणच्या सफारी थांबवल्या आणि तेथील कर्मचारी गावांच्या बाजूला वळवले. हा उपाय प्रशासनाच्या दृष्टीने पुरेसा होता की नाही, याची चर्चा जाणकारांनी करावी. त्यातला क्रम मात्र मला अर्थपूर्ण वाटतो. आधी कडेवर राहणाऱ्याचा जीव, मग रानातल्याचा जीव, आणि सर्वांत शेवटी पाहणाऱ्याची हौस. संकटात शासनाला जो क्रम सुचला तो एरवीही असायला हवा. विस्थापितांच्या हक्कांचा निवाडा रेंगाळतो आणि पर्यटनाच्या गाड्या वेळेवर सुटतात, ही स्थिती त्या क्रमाच्या बरोबर उलटी आहे. मध काढणारा, गुराखी, माहूत, रात्री गस्त घालणारा हंगामी रखवालदार, ज्याच्या नाचणीत हत्ती शिरतो तो शेतकरी, आणि वाघ, हत्ती, गवे, यांच्या हक्कांत आपापसांत तंटा असू शकतो; तो खराखुरा तंटा आहे आणि त्याला सोपे उत्तर नाही. परंतु त्या तंट्यात प्रेक्षकाच्या आनंदाला पक्षकार म्हणून बसवण्याचे कारण नाही.

रानाची परीक्षा आपण सहसा उन्हाळ्यात करतो, जेव्हा ते भरभरून दाखवते. ती शरदात करून पाहावी. गवत उंच आहे, पाणी सर्वत्र आहे, दिसत काही नाही, आणि तरीही हे रान राहावे असे आपल्याला वाटते का? त्याच्या राहण्याची किंमत ज्यांनी दिली त्यांचे देणे आधी फिटावे, त्यासाठी आपल्या दोन-चार सफारी बुडाल्या तरी चालतील, असे वाटते का? या दोन प्रश्नांना ‘होय’ म्हणता आले तर पाहणारा राखण्यात सहभागी झाला असे म्हणता येईल. एरवी तो राजाच्या जुन्या मचाणावरच बसलेला आहे. हातात बंदूक नाही, इतकेच.